विंडोज ११ चं अपग्रेड अर्ध्यात फसलं? पुन्हा बटण दाबण्याआधी हे क्रमाने करा

अपग्रेड फसलं की बहुतेक जण लगेच पुन्हा तेच बटण दाबतात. दोन तास जातात, पाच-सहा जीबी डेटा खर्च होतो आणि शेवटी तोच संदेश समोर येतो. तिसऱ्या प्रयत्नानंतर कुणीतरी ‘फॉरमॅट मारून टाक’ असा सल्ला देतं आणि मुलांच्या लहानपणचे फोटो, सोसायटीचे हिशेब, कोर्टाची कागदपत्रं एका दुपारीत जातात.

हे टाळता येतं. विंडोजचा सेटअप अडला तर तो सहसा आपणहून मागे फिरतो आणि जुनं विंडोज होतं तसं परत उभं करतो. खरं नुकसान होतं ते त्यानंतरच्या घाईत. शिवाय मागे फिरताना सेटअप कुठे अडलो, कशाने अडलो हे लिहून ठेवतो. ते न वाचता पुन्हा प्रयत्न केला, तर मधल्या काळात काहीच बदललेलं नसल्यामुळे निकालही बदलत नाही.

हा लेख विंडोज १० वरून ११ वर जाताना, फायली आणि प्रोग्राम तसेच ठेवून केलेल्या अपग्रेडबद्दल आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीच्या वाढीव सुरक्षा अपडेट्सची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ठरवलेली आहे, पण त्यासाठी आपलं मशीन नोंदवावं लागतं. अपग्रेड सारखं फसत असेल तर आधी ही नोंदणी करून ठेवा, म्हणजे घाई उरत नाही.

लिहिण्याबद्दल एक सूचना. खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत लिहा. प्रत्येक पुढे कललेल्या तिरक्या रेघेआधी (/) एक जागा सोडा, पाथमधल्या उलट्या रेघेआधी सोडू नका. कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडताना त्यावर उजवं क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. एरर कोडच्या सुरुवातीला येणारं ‘शून्य एक्स’ मी गाळलं आहे.

## १. मशीन आत्ता कुठल्या अवस्थेत आहे?

सगळ्यात आधी हे ठरवा, कारण पुढचा रस्ता त्यावर अवलंबून आहे.

जुनं विंडोज परत चालू झालं आहे. ही चांगली अवस्था आहे. थेट टप्पा २ वर जा.

टक्केवारीचा आकडा एका जागी अडकला आहे. आधी डिस्कचा दिवा पाहा. तो लुकलुकत असेल तर काम चालू आहे, हात लावू नका. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर हे काम रात्रभर चालू शकतं. दिवा पूर्ण शांत असेल किंवा दिसतच नसेल, तर एसएसडी असलेल्या मशीनला मी तीन तास देतो, हार्ड डिस्कला सकाळपर्यंतचा वेळ. मग माउस-कीबोर्ड सोडून यूएसबीला लावलेलं सगळं काढतो. त्यानंतरही हालचाल नसेल तरच पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून मशीन बंद करून पुन्हा सुरू करतो. बऱ्याचदा ते तिथून मागे फिरतं.

मशीन सुरूच होत नाही, किंवा सारखं रीस्टार्ट होतं. टप्पा ७ वाचा आणि तिथून डेटा काढून घेतल्यावर इकडे परत या.

> सावधान: स्क्रीनवर ‘पूर्वीची आवृत्ती परत आणत आहोत’ अशा अर्थाचा संदेश असेल तर काहीही झालं तरी मशीन बंद करू नका. सेटअप मागे फिरत असताना वीज गेली, तर टप्पा ७ मध्ये जाण्याची वेळ येते. डेस्कटॉप असेल तर यूपीएस किंवा इन्व्हर्टरच्या प्लगवरच हे काम करा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला हवा आणि बॅटरीही भरलेली हवी.

## २. डेटा बाहेर काढा, आणि ४८ अंकी की शोधा

‘फायली ठेवा’ हा पर्याय निवडला होता, मग बॅकअप कशाला, असं वाटतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं एक मोठं अपडेट मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच थांबवावं लागलं होतं, कारण काहींच्या डॉक्युमेंट्समधल्या फायली पुसल्या गेल्या होत्या. म्हणून कॉपी दुसऱ्या डिस्कवरच हवी. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर केलेली कॉपी हा बॅकअप नव्हे.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि फोटो हे सगळ्यांना आठवतं. राहून जातं ते पुढचं:

- हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा. तो बऱ्याचदा त्या सॉफ्टवेअरने ठरवलेल्या फोल्डरमध्ये असतो. सॉफ्टवेअर उघडून डेटाचा पाथ पाहा.
- जुने मराठी फॉन्ट. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायली तो फॉन्ट नसेल तर निव्वळ इंग्रजी अक्षरांचा चिखल दिसतात. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून आपण स्वतः टाकलेले फॉन्ट वेगळे कॉपी करा.
- वनड्राइव्हमधल्या, नुसता ढगाचा आकार दिसणाऱ्या फायली. त्या मशीनवर नसतातच. त्यांच्या फोल्डरवर उजवं क्लिक करून ‘नेहमी या डिव्हाइसवर ठेवा’ हा पर्याय द्या आणि त्या उतरल्यावर कॉपी करा.
- ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि आउटलुकची मेलची फाइल.

> तपासा: बॅकअपची डिस्क दुसऱ्या मशीनला लावा आणि वेगवेगळ्या फोल्डरमधल्या चार-पाच फायली उघडून पाहा. नुसता आकार जुळणं पुरेसं नाही.

आता की, म्हणजे डिस्कचं कुलूप उघडणारे ४८ अंक. गेल्या काही वर्षांत आलेल्या अनेक लॅपटॉपवर, होम आवृत्तीवरसुद्धा, डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद, असते आणि मालकाला त्याची कल्पनाच नसते. अपग्रेड फसल्यावर किंवा बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या, मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) काही बदलल्यावर निळ्या स्क्रीनवर अचानक ४८ अंकांची बिटलॉकर रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डिस्कवरचा डेटा दुकानदारालाही निघत नाही.

मशीन चालू आहे तोवरच ही आज्ञा द्या:

मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट सी:

‘न्युमेरिकल पासवर्ड’ या नावाखाली ४८ अंक दिसले तर ते कागदावर उतरवा, मोबाइलने फोटोही काढा. काहीच दिसलं नाही तर बहुधा डिस्क एन्क्रिप्ट केलेली नाही. मशीन आधीच बंद पडलं असेल, तर ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा लॉगिन केलं होतं ते खातं मोबाइलवर उघडून डिव्हाइसेसच्या यादीत बिटलॉकर की पाहा. घरात हे खातं अनेकदा मुलाच्या किंवा मुलीच्या नावाने उघडलेलं असतं. त्यांनाही विचारा.

## ३. कोड उतरवून घ्या

सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, मग ‘व्ह्यू अपडेट हिस्टरी’ असं जा. फसलेल्या अपग्रेडच्या ओळीत कोड असतो. आयएसओ (विंडोजच्या इन्स्टॉलेशनची संपूर्ण फाइल) किंवा इन्स्टॉलेशन असिस्टंट (मायक्रोसॉफ्टचं अपग्रेडचं साधन) वापरला असेल तर शेवटच्या चौकटीत दोन भागांचा कोड येतो, उदाहरणार्थ ‘सी१९००१०१ – ३००१८’.

लोक पहिला भाग गुगलवर टाकतात आणि दुसरा सोडून देतात. खरं तर दुसऱ्या भागाचा पहिला आकडा जास्त कामाचा आहे. सेटअप कुठल्या मुक्कामावर अडला ते तो सांगतो:

- १ – अजून जुनं विंडोजच चालू होतं. डाउनलोड, जागा किंवा सुसंगतीची तपासणी इथे अडली.
- २ – पहिल्या रीस्टार्टनंतरचा मुक्काम. तात्पुरतं छोटं विंडोज चालू होतं. डिस्कचे ड्रायव्हर (यंत्रभाग विंडोजशी जोडणारी छोटी सॉफ्टवेअर) किंवा बाहेरचं एन्क्रिप्शन सॉफ्टवेअर हे इथले नेहमीचे संशयित.
- ३ – नवं विंडोज पहिल्यांदा उभं राहत होतं आणि ड्रायव्हर लागत होते.
- ४ – दुसऱ्यांदा उभं राहत होतं आणि तुमची खाती, सेटिंग्ज हलवली जात होती. अँटिव्हायरसच्या ड्रायव्हरची अडचण बरेचदा इथे दिसते.

कोडच मिळाला नाही तर सेटअपडायग नावाचं मायक्रोसॉफ्टचं मोफत साधन त्यांच्याच संकेतस्थळावरून उतरवून चालवा. ते सेटअपच्या नोंदी वाचून एका फाइलमध्ये कारण लिहून देतं. नोंदी स्वतः वाचायच्या असतील तर सी ड्राइव्हवर डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ‘विंडोज बीटी’ या लपवलेल्या फोल्डरमध्ये ‘सोर्सेस’ आणि त्यात ‘पँथर’ हे फोल्डर उघडा. ‘सेटअपएरर’ नावाची लॉग फाइल खालून वर वाचत या, कारण शेवटची चूक तळाशी असते. एररच्या प्रत्येक ओळीला घाबरू नका. यशस्वी अपग्रेडच्या लॉगमध्येही एररच्या पुष्कळ ओळी असतात.

> सावधान: कोड उतरवण्याआधी डिस्क क्लीनअप चालवू नका. तात्पुरत्या फायलींबरोबर हे फोल्डर पुसलं जातं आणि पुरावा जातो.

## ४. कोडप्रमाणे कारण दूर करा

एका वेळी एकच कारण. पाच उपाय एकदम केले तर कशाने चाललं ते कळत नाही, आणि काही नवीन बिघडलं तर कशाने बिघडलं तेही कळत नाही.

### सी१९००१०१: ड्रायव्हर

सगळ्यात जास्त भेटणारा आणि सगळ्यात जास्त चुकीच्या पद्धतीने हाताळला जाणारा कोड. अर्थ इतकाच, की कुठल्या तरी ड्रायव्हरने सेटअप पाडला. कुठल्या, ते आपण शोधायचं.

माझ्या ओळखीच्या एका करसल्लागारांनी चार रात्री एकाच लॅपटॉपवर हे अपग्रेड लावलं होतं, रोजच्या दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर तुकड्यातुकड्याने उतरवून. प्रत्येक वेळी सी१९००१०१, प्रत्येक वेळी दुसरा भाग ४ ने सुरू होणारा. त्यांनी अँटिव्हायरस बंद केला होता, काढला नव्हता. डिजिटल सहीच्या टोकनचा कित्येक वर्षांपूर्वीचा ड्रायव्हरही तसाच होता. दोन्ही काढून टाकले आणि पाचवा प्रयत्न पार पडला. त्यांच्याकडे कोडचा दुसरा भाग चारही वेळा समोर होता.

या क्रमाने जा:

१. माउस-कीबोर्ड सोडून यूएसबीची सगळी साधनं काढा. प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं यंत्र, सहीचं टोकन, डोंगल, पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डसुद्धा. कार्ड रीडरमध्ये विसरलेलं कार्ड हे क्षुल्लक कारण वाटतं, पण २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० अपडेटवेळी बाहेरचं यूएसबी साधन किंवा मेमरी कार्ड लावलेलं असेल तर मायक्रोसॉफ्टनेच ते अपडेट अडवलं होतं.

२. बाहेरचा अँटिव्हायरस अनइन्स्टॉल करा. ‘डिसेबल’ केल्याने त्याचे ड्रायव्हर जागेवरच राहतात. काढल्यावर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर लगेच पहारा घेतो, त्यामुळे मशीन उघडं पडत नाही. परवान्याचा क्रमांक आधी लिहून ठेवा.

३. व्हीपीएन, डिस्क एन्क्रिप्शनची बाहेरची सॉफ्टवेअर, टोकन आणि डोंगलचे जुने ड्रायव्हर काढा. डीटीपीवाल्यांनी आणि सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी इथे एक खबरदारी घ्यायची: विंडोज ११ साठीचा नवा ड्रायव्हर मिळतो का, ते काढण्याआधी पुरवठादाराकडून समजून घ्या. मिळत नसेल तर ते मशीन आत्ता अपग्रेड करू नका. सॉफ्टवेअरच चालणार नसेल तर नव्या विंडोजचा उपयोग काय?

४. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, आपला नेमका मॉडेल क्रमांक टाकून, चिपसेट, डिस्क कंट्रोलर, ग्राफिक्स आणि वायफायचे ड्रायव्हर घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारी मोफत सॉफ्टवेअर टाकू नका. चुकीचा ड्रायव्हर बसवून त्यांनी मशीन आणखी अडवलेली मी पाहिली आहेत.

५. कोड ‘३०००डी’ ने संपत असेल तर ग्राफिक्सवर पहिला संशय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडॅप्टर अनइन्स्टॉल करा, ड्रायव्हर पुसण्याच्या चौकटीतही खूण करा. स्क्रीन थोडी भोंगळ दिसेल. तसंच अपग्रेड करा, ड्रायव्हर नंतर येतो.

बायॉसचं अपडेट मी यादीत शेवटी ठेवतो. गरज असते, पण ते चालू असताना वीज गेली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो.

### ८००७००७०: जागा नाही

सी ड्राइव्हवर निदान ३० जीबी मोकळे करा. मोठे व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर हलवा, रीसायकल बिन रिकामा करा. प्रोग्राम फायल्समधले फोल्डर हाताने पुसू नका.

### ८००एफ०९२२, किंवा ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही’

सी ड्राइव्हवर शंभर जीबी मोकळे असले तरी हा संदेश येतो आणि माणूस बुचकळ्यात पडतो. इथे जागा कमी पडते ती डिस्कच्या सुरुवातीच्या लपवलेल्या छोट्या भागात, ज्यातून मशीन सुरू होतं. तो बहुधा १०० एमबीचाच असतो. आधी व्हीपीएन बंद करून एकदा पाहा, कारण ८००एफ०९२२ त्यानेही येतो. तरीही तोच संदेश असेल तर त्या भागातले फॉन्ट काढून थोडी जागा करता येते. हा मायक्रोसॉफ्टने सांगितलेलाच उपाय आहे, यूईएफआयवर (बायॉसच्या नव्या प्रकारावर) चालणाऱ्या मशीनसाठी:

माउंटव्हॉल वाय: /एस

वाय:

सीडी ईएफआय\मायक्रोसॉफ्ट\बूट\फॉन्ट्स

> तपासा: इथे थांबा. ओळीच्या सुरुवातीला ‘वाय:’ आणि शेवटी ‘फॉन्ट्स’ हा पूर्ण पाथ दिसतोय का? ‘सी:’ दिसत असेल किंवा पाथ अर्धाच असेल तर पुढची आज्ञा देऊ नका, खिडकी बंद करा आणि पहिल्यापासून सुरू करा. त्याच भागातल्या शेजारच्या फोल्डरमध्ये मशीन सुरू करणाऱ्या फायली आहेत.

सगळं जुळत असेल तरच ‘डेल’ लिहून एक जागा सोडा आणि तारांकन-टिंब-तारांकन टाइप करा. विचारल्यावर ‘वाय’ दाबा. मशीन रीस्टार्ट करा.

### ८००७३७१२: विंडोजच्याच फायली खराब

क्रम महत्त्वाचा. आधी पहिली आज्ञा, ती पूर्ण झाल्यावर दुसरी:

डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ

एसएफसी /स्कॅननाऊ

लोक उलट्या क्रमाने करतात. दुसरी आज्ञा खराब फायलींच्या जागी चांगल्या प्रती आणते, त्या ज्या साठ्यातून आणते तो साठा पहिली आज्ञा दुरुस्त करते. साठाच खराब असेल तर आणणार कुठून? पहिलीला इंटरनेट लागतं. ती मध्येच एका आकड्यावर बराच वेळ थांबल्यासारखी दिसते, खिडकी बंद करू नका.

### सी१९००२०८ आणि सी१९००१०७

पहिला म्हणजे एखादा प्रोग्राम आडवा येतोय. सेटअप बहुधा त्याचं नाव सांगतो, तो काढा. दुसरा म्हणजे मागच्या प्रयत्नाची साफसफाई बाकी आहे. मशीन रीस्टार्ट करा, तेवढ्याने भागलं नाही तर डिस्क क्लीनअपमधून विंडोजच्या तात्पुरत्या इन्स्टॉलेशन फायली काढा.

### सी१९००२००: मशीन अटींत बसत नाही

४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग), सिक्युअर बूट चालू शकेल असं यूईएफआय आणि यादीतला प्रोसेसर. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, एएमडी रायझनचा असेल तर २००० मालिकेपासून पुढचा. पीसी हेल्थ चेक हे मायक्रोसॉफ्टचं साधन नेमकी कुठली अट अडते ते सांगतं.

टीपीएम नाही असं दिसलं तरी लगेच नवं मशीन घ्यायला जाऊ नका. अनेकदा तो बायॉसमध्ये बंद असतो. इंटेलच्या मशीनवर ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या मशीनवर ‘एफटीपीएम’ या नावाने शोधा. बायॉसमध्ये शिरण्याआधी, डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर तिचं संरक्षण एका रीस्टार्टपुरतं थांबवा:

मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -डिसेबल सी:

> सावधान: टीपीएम ‘एनेबल’ करा. ‘क्लिअर’ला हात लावू नका.

बायॉस मोड ‘लेगसी’ असेल (रनमध्ये ‘एमएसइन्फो३२’ टाकून दिसतं) तर डिस्कची मांडणी आधी बदलावी लागते:

एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /अलाउफुलओएस

ही आज्ञा नुसती तपासते. ‘यशस्वी’ म्हणाली तरच ‘व्हॅलिडेट’च्या जागी ‘कन्व्हर्ट’ लिहून पुन्हा द्या आणि त्यानंतर बायॉसमध्ये यूईएफआय करा. इथली ठरलेली चूक म्हणजे बायॉस आधी बदलणं. मग विंडोज सुरूच होत नाही आणि माणसाला वाटतं डिस्क गेली. तसं झालं असेल तर बायॉस पुन्हा लेगसीवर आणा, मशीन पूर्ववत चालू होईल.

प्रोसेसरच यादीत नसेल तर रजिस्ट्रीत बदल करून अट चुकवण्याचे व्हिडिओ खूप सापडतील. कामाच्या मशीनवर ते करू नका, असं माझं ठाम मत आहे. अशा मशीनला पुढची अपडेट्स मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि २४एच२ ही आवृत्ती काही फार जुन्या प्रोसेसरांवर सुरूही होत नाही.

## ५. पुन्हा प्रयत्न करण्याआधीची तयारी

विंडोज अपडेटमधून दोनदा फसलं असेल तर तिसऱ्यांदा तिथून करू नका. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज ११ ची आयएसओ फाइल घ्या. ती पाच जीबीहून मोठी असते, म्हणून वायफाय किंवा ब्रॉडबँडवर एका दमात उतरवा. एकदा उतरली की कितीही प्रयत्न करा, पुन्हा डेटा लागत नाही.

आता भाषा. आयएसओ घेताना ‘इंग्लिश युनायटेड स्टेट्स’ आणि ‘इंग्लिश इंटरनॅशनल’ असे दोन पर्याय येतात. आपण काही अमेरिकेत नाही, म्हणून पुष्कळ जण इंटरनॅशनल निवडतात. मशीनवरचं विंडोज जर युनायटेड स्टेट्सचं असेल, तर सेटअपमधला ‘फायली आणि ॲप ठेवा’ हा पर्याय निवडताच येत नाही. मग लोक ‘काहीच ठेवू नका’वर टिचकी मारून मोकळे होतात. आधी पाहून घ्या:

डीआयएसएम /ऑनलाइन /गेट-इंटल

‘डिफॉल्ट सिस्टिम यूआय लँग्वेज’समोर शेवटी ‘यूएस’ असेल तर युनायटेड स्टेट्स, ‘जीबी’ असेल तर इंटरनॅशनल. स्क्रीनवर मेनू मराठीत दिसत असले तरी हे पाहायचंच, कारण विंडोजमधली मराठी एका पायाभूत भाषेवर चढवलेली असते.

मग एवढं करा: विंडोज १० ची राहिलेली अपडेट्स लावा, दोनदा रीस्टार्ट करा, ‘शट डाउन’ नव्हे. तारीख-वेळ बरोबर आहे का पाहा. डिस्कच्या तब्येतीची शंका असेल, फायली उघडायला वेळ लागत असेल किंवा डिस्कमधून टकटक ऐकू येत असेल, तर अपग्रेड रद्द करून आधी डिस्क बदला.

## ६. प्रयत्न असा करा

१. आयएसओवर दोनदा टिचकी मारा. ती ड्राइव्हसारखी उघडते. त्यातली ‘सेटअप’ फाइल चालवा. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून हे करू नका, तिथून केलं तर प्रोग्राम राहत नाहीत.

२. पहिल्याच पानावर अपडेट्स कशी उतरवायची ते बदलण्याची ओळ असते. तिथे ‘आत्ता नको’ निवडा आणि इंटरनेट बंद करा, म्हणजे मध्येच उतरलेला एखादा ड्रायव्हर घोळ घालणार नाही.

३. ‘काय ठेवायचं’ या पानावर ‘वैयक्तिक फायली आणि ॲप्स’ निवडलेलं आहे, हे डोळ्यांनी पाहा.

> तपासा: तो पर्याय फिकट दिसत असेल तर सेटअप बंद करा आणि भाषा पुन्हा पाहा. या पानावर बाहेर पडलात तर काहीही बदललेलं नसतं.

४. सुरू करा. वेळ लिहून ठेवा. रीस्टार्ट मोजा. पुन्हा फसलं तर कितव्या रीस्टार्टनंतर फसलं हे आता तुम्हाला ठाऊक असेल. नवा कोड जुन्याशी ताडून पाहा. कोड बदलला असेल, विशेषतः २ चा ३ किंवा ३ चा ४ झाला असेल, तर एक अडथळा गेला, दुसरा उरला आहे. टप्पा ४ वर परत जा.

## ७. मशीन सुरूच होत नसेल तर

चालू होताना तीनदा पॉवर बटणाने बंद केलं की विंडोज बहुधा आपणहून दुरुस्तीच्या निळ्या स्क्रीनवर येतं. येत नसेल तर दुसऱ्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साधनाने निदान ८ जीबीचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह बनवा (त्यावरचं सगळं पुसलं जातं) आणि त्यावरून सुरू करून ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’ निवडा. ‘इन्स्टॉल’ नव्हे.

दुरुस्तीआधी डेटा. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, बिटलॉकरने विचारलं तर ४८ अंक द्या. मग ‘नोटपॅड’ टाइप करा. नोटपॅडच्या फाइल मेनूतून ‘ओपन’ निवडून खाली ‘ऑल फाइल्स’ करा. ही साधी चौकट आता तुमचं एक्सप्लोरर आहे: आपले फोल्डर शोधा, उजव्या क्लिकने कॉपी करा आणि बाहेरच्या डिस्कवर पेस्ट करा. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, सी ऐवजी डी वगैरे. कॉपी चालू असताना प्रगती दिसत नाही, धीर धरा.

डेटा हाती आला की या क्रमाने:

१. स्टार्टअप रिपेअर.

२. ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’, किंवा दिसत असेल तर ‘पूर्वीच्या आवृत्तीवर परत जा’.

३. सेफ मोड, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरवर चालणारं विंडोज. तिथे मशीन सुरू झालं तर दोष ड्रायव्हरचाच समजा आणि टप्पा ४ मधली यादी तिथूनच करा.

४. सिस्टिम रिस्टोअर.

चारही फसले तरच नव्याने इन्स्टॉल करा. तोवर तुमचा डेटा दुसऱ्या डिस्कवर असतो.

## ८. पार पडल्यावर

पहिल्या दिवशी कामाची प्रत्येक गोष्ट एकदा चालवा: छपाई, स्कॅनिंग, सहीचं टोकन, हिशेबाची जुनी फाइल, जुन्या फॉन्टमधलं एखादं पत्र, व्हिडिओ कॉल. साधनं एकेक करून लावा, एकदम नाही. अँटिव्हायरस हवाच असेल तर सगळ्यात शेवटी, त्याची नवीच आवृत्ती.

काही चालत नसेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे ‘गो बॅक’ आहे. त्याची मुदत दहा दिवसांची. त्या काळात सी ड्राइव्हवर ‘विंडोज ओल्ड’ नावाचा भलामोठा फोल्डर दिसतो. जागा अडवतोय म्हणून तो पुसलात तर परतीचा रस्ता त्याच क्षणी बंद होतो. परत जाण्याआधी नव्या विंडोजवर केलेल्या कामाची कॉपी बाहेर काढा, कारण अपग्रेडनंतर टाकलेले प्रोग्राम आणि बदललेली सेटिंग्ज परतीत जातात.

दहा दिवस नीट गेले तर एकदा ‘मॅनेज-बीडीई’ची पहिली आज्ञा पुन्हा देऊन पाहा. अपग्रेडनंतर डिस्क नव्याने एन्क्रिप्ट झालेली असेल तर आधी न दिसलेले ४८ अंक आता दिसतील. तेही कागदावर उतरवून, लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता, घरात इतर कागदपत्रांबरोबर ठेवा.